काचेअलीकडचं ऊन

चार दिवस आभाळ दूधकाचेसारखं झालं होतं. उजेड येत होता, पण त्यामागे सूर्य नेमका कुठे दडून बसलाय ते कळत नव्हतं. वारा गार, बोचरा. बिलोरीकाकांनी दुकानाचं शटर वर ढकललं, कापणीच्या टेबलावरची जाड सतरंजी बाहेर नेऊन झटकली, परत अंथरली आणि तिच्यावरून उघडा तळवा फिरवला. खाली राईएवढा कण राहिला तरी वर ठेवलेला काचेचा अख्खा ताव तडकतो. तो कण डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. चाळीस वर्षांत त्या हाताची कातडी अशी झाली होती की गरम तवा धरला तरी काका आधी विचार करायचे, मग सोडायचे.

शेजारच्या छापखान्याच्या मागच्या भिंतीतली सहा तावदानं वाऱ्याने फुटली होती. तीन कापून झाली. चौथ्याला पट्टी लावली, काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली आणि रेघ ओढली. रेघ एका दमात ओढायची असते, आवाज मधे तुटता कामा नये. आवाज बरोबर आला. टक करून तुकडा हातात आला, आणि तो बोटभर आखूड होता.

काका त्या तुकड्याकडे बघत उभे राहिले. रेघ सरळ, कड स्वच्छ, फक्त पट्टी चुकीच्या आकड्यावर लावलेली. असं त्यांच्या हातून शेवटचं कधी झालं ते त्यांना आठवेना. उरलेल्या काचेत आणखी दोनच निघणार होती, आणि त्या जाडीचा दुसरा ताव दुकानात नव्हता.

"च्यायला," ते हळूच म्हणाले, हात पुसले आणि जिना चढून वर गेले. सकाळपासूनची ही पाचवी खेप. वर बटण डोळे मिटून पडलं होतं. सहा दिवस झाले, त्याने तोंडात काही घेतलं नव्हतं.

बटण म्हणजे कासव. जमिनीवरचं, वर्षभराचं, मुठीत मावेल एवढं. काकांची भाची नोकरीसाठी परमुलखात गेली, जाताना कागदपत्रांसकट ते इथे ठेवून गेली. "मामा, काही त्रास नाही याचा," ती म्हणाली होती. त्रास नाही हे खरंच होतं. भुंकत नाही, ओरबाडत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. काकांनी ते ठेवून घेतलं ते भाचीची भीड पडली म्हणून.

तेव्हा काकूंना झटका येऊन पाच महिने झाले होते.

ज्यांनी काकूंना गल्ल्यावर बसलेलं पाहिलंय त्यांना काय गेलं ते सांगायला नको. काका कापायचे, काकू बोलायच्या. "आरसा वाकडा नाही हो, तुमची भिंत वाकडी आहे," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून वर त्यालाच हसवणारी बाई. काकांचं खरं नाव परवान्याच्या कागदावर असेल तेवढंच. बिलोरी हे नाव काकूंनी भर दुकानात चेष्टेने ठेवलं आणि ते सगळ्या वस्तीने उचललं. त्या बाईचं उजवं अंग एका सकाळी गेलं. बोलण्यातला फक्त 'नाही' उरला. भूक लागली तरी नाही, लागली नसली तरी नाही. कुठला नाही कुठला, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. दुसरा आणला, तोही फेकला. खाली छापखान्यातली माणसं म्हणायची, काकूंचा नेम अजून शाबूत आहे.

बटण आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काकांनी जिन्यातून पाहिलं. काकू मांडीवरच्या ताटलीतून काकडीची चकती उचलत होत्या, उजव्या हाताने. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडे सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. चकती तीनदा पडली. चौथ्यांदा ती बटणापर्यंत पोचली आणि बटणाने ती खाल्ली. काका आवाज न करता खाली उतरले आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात तोंड धुवायला गेले.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, या जिवाला घर बांधायचं.

आठ मिलिमीटरची काच घेतली. कडा हाताने घासल्या, चार दिवस, पाणी सोडून सोडून. कोपरे असे जुळवले की सांधा शोधायला नख लावावं लागे. वर अर्धं झाकण, तेही काचेचं. हे घर त्यांनी काकूंच्या खुर्चीशेजारी ठेवलं, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत. ती खिडकीही त्यांच्याच हातची. काकू आजारी पडल्यावर जुनी चौकट मोकळी करून अख्खं एकच तावदान बसवलं होतं, रस्ता पूर्ण दिसावा आणि वारा लागू नये म्हणून. सकाळी नऊपासून दोनपर्यंत तिथे ऊन यायचं. दिवसातून दोनदा काका वर्तमानपत्राच्या बोळ्याने ते घर पुसत.

काकूंची धाकटी बहीण त्यांना आंघोळ घालायला रोज सकाळी येते. काका तिला धाकटेच म्हणतात. तिने त्या काचेच्या घराभोवती दोन चकरा मारल्या.

"भाऊजी, बायकोला कधी असा महाल बांधला नाहीत."

"तिने कधी मागितला नाही."

"या मुक्याने मागितला होता वाटतं?"

बटण त्या काचेच्या भिंतीशी दिवसभर पाय मारत असे. कोपऱ्यात जाई, चढू बघे, घसरे, पुन्हा चढू बघे. सगळे म्हणत, काय उत्साह आहे बघा, शिपायासारखी कवायत चाललीय. खायला काकडी, टोमॅटो, कोबीचं आतलं पांढरं पान. धाकटी येताना पाव आणायची आणि दुधात बुडवून द्यायची. "एवढंसं पोर ते, दूध नको का त्याला?"

मग एकदा बटणाने कवायत थांबवली. मग खाणं थांबवलं. आणि सहा दिवसांपूर्वी काकांनी त्याला उचललं तेव्हा त्यांचा अंगठा पाठीवर टेकला आणि जरासा आत गेला.

त्या अंगठ्याने त्यांनी आयुष्यभर चौकटीत पुट्टी दाबली होती. ताजी कशी लागते, दोन दिवसांची कशी, वाळलेली कशी, हे त्याला डोळे मिटून कळायचं. बटणाची पाठ दोन दिवसांच्या पुट्टीसारखी लागत होती. कासवाची पाठ तशी लागू नये, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

"झोपलंय," ते काकूंना म्हणाले. "गारठ्यात झोपतातच ही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. दुकानात "उद्या नक्की देतो" असं काका गिऱ्हाइकाला सांगायचे, तेव्हा गल्ल्यावरून त्या अशाच बघायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकडीची चकती उचलली नाही. तिसऱ्या दिवशी उजवा हात शालीखाली गेला, आणि त्यानंतर तो बाहेर आलाच नाही. धाकटी घास भरवायला बसली की दोन घासांनंतर तोंड मिटायचं.

"नाही."

हा कुठला नाही, ते सगळ्यांना कळत होतं.

म्हणून त्या सकाळी, चौथं तावदान आखूड निघाल्यावर, काकांनी दुकान अर्धं ओढलं, बटणाला खिळ्यांच्या डब्यात फडक्यावर ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. डबा त्यांनी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरला होता. वाटेत दोनदा थांबून झाकण उघडून पाहिलं. दोन्ही वेळा काही कळलं नाही.

दवाखान्यात बाकावर एक बाई मांडीवर बोका घेऊन बसली होती. "डब्यात काय?" तिने विचारलं.

"बटण."

बाई थोडी सरकून बसली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, हातावर ताजा ओरखडा होता. त्यांनी बटणाला आधी वजनावर ठेवलं, मग पाठ, पोट, जबडा बोटाने हळूच चाचपला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"खातो काय हा?"

काकांनी सांगितलं.

"पाव? दुधात?"

"मेहुणी देते."

"आणि मेहुणीला गवत कोण देतं?" त्यांनी मान हलवली. "अहो काका, हा रानात तण खाणारा प्राणी. रुंद पानांचं तण, पिवळ्या फुलांचं, तुतीचा पाला, जास्वंदीचं पान. काकडी म्हणजे नुसतं पाणी. टोमॅटो नको, पाव तर नकोच. हाडं कशाची बांधायची याने? बरं, राहतो कुठे?"

इथे काकांचा आवाज जरा सुधारला. त्यांनी घराचं वर्णन केलं. आठ मिलिमीटर, घासलेल्या कडा.

"म्हणजे चारी बाजूंनी काच. त्याला भिंत दिसत नाही, काका. समोर मोकळी जागा दिसते आणि जाता येत नाही. पाय मारत असेल दिवसभर?"

काकांनी डब्याचं झाकण बोटांत फिरवलं.

"ऊन?"

"पाच तास," ते चटकन म्हणाले. "रोज पाच तास. खिडकीत."

"खिडकी उघडी?"

"बंद. मोठी काच आहे. माझ्या हातची."

"मग ऊन नाही मिळालं त्याला."

काका हसले. हसू आलं म्हणून नव्हे. दुसरं काही करता येईना. "बाई, चाळीस वर्षं काच विकतोय. काचेतून ऊन येत नाही असं मला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. काचेमागचे पडदे विटतात ते काय अंधाराने?"

"पडदे विटवणारं ऊन येतं. उजेड येतो, ऊब येते. हाडं बांधणारा जो भाग असतो उन्हातला, तो काच बाहेर ठेवते. स्वच्छ काच, चांगली काच, सगळ्याच. इथे एकावर एक दोन काचा." आता त्यांचा आवाज खाली आला होता. "मोठ्या कासवाने काढले असते काही दिवस. याचं वाढीचं वय."

काकांनी टेबलाची कड धरली. टेबलावर काच होती.

डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, तोंडात सोडायचे थेंब दिले. रोज सकाळी बशीत कोमट पाणी, हनुवटीपर्यंत, दहा मिनिटं बसवायचं. अंड्याची टरफलं वाटून पानांवर भुरभुरायची. लाकडी खोका, ओलसर माती, एका टोकाला लपायला जागा. आणि ऊन, उघडं ऊन, मधे काही नको. मात्र निम्म्या खोक्यात सावली हवीच. तसलं ऊन देणारा दिवाही मिळतो, पण मागवावा लागतो, तीन आठवडे तरी.

"तीन आठवडे काढेल?"

"दहा दिवसांत कळेल," त्या म्हणाल्या. "मी आता हो म्हटलं तर ते खोटं ठरू शकेल."

परत येताना काकांनी रस्त्यात मान वर करून पाहिलं. आभाळ तसंच. सगळ्या खिडक्यांवर ते दिसत होतं, आणि त्यातल्या निम्म्या तरी खिडक्या काकांनी बसवलेल्या होत्या.

दुकानातला लाकडी खण त्यांनी रिकामा केला. मागच्या अंगणातली माती भरली, ओली केली, फुटक्या कुंडीचा अर्धा भाग उलटा रोवला. धाकटी जिन्यातच भेटली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"पाव बंद."

"म्हणजे माझ्यावर आलं का?"

"माझ्यावर आलंय, धाकटे. तू तण आण. भिंतीकडेला उगवतं ते, रुंद पानांचं. जिथे कुणी औषध मारत नाही तिथलं."

"म्हणजे आता लोकांनी बघायचं, ही बाई गटाराकडेला वाकून पाला खुडतेय," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गेलीसुद्धा.

ऊन मिळालं तर गच्चीवर मिळणार होतं. गच्चीचा जिना लोखंडी, अरुंद, उभा. तिथे काकूंना नेणं शक्य नव्हतं. काकांनी बटणाला काचेच्या घरातून उचलून खणात ठेवलं आणि खण घेऊन दाराकडे वळले, तेव्हा सदऱ्याला मागून ओढ बसली. काकूंनी डाव्या हाताने त्याचं टोक धरलं होतं.

"नाही."

"वर नेतो फक्त. उन्हात. ऊन आलं की."

"नाही." ओढ सुटेना.

काकांना कळलं. दार ओलांडून हे गेलं की ही समजणार, गेलं ते गेलंच. आणि उद्या ते वर मेलं, तर आपण येऊन काय सांगणार, हेही तिला ठाऊक आहे. झोपलंय. गारठ्यात झोपतातच.

ते खण घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कडकडले.

"ते झोपलेलं नाही," ते म्हणाले. "पाठ मऊ पडलीय त्याची. हात लावून बघ. मला सहा दिवसांपूर्वीच कळलं, मी बोललो नाही. त्याला ऊन मिळालं नाही. मला वाटलं मिळतंय. काचेतून ते येतच नाही म्हणे, जे लागतं ते. मी महाल बांधला आणि त्यात त्याला मारत होतो. आता दहा दिवसांत काय ते कळेल. मरेलही. आता मी खोटं बोलत नाहीये."

काकूंनी शालीखालून उजवा हात काढला. तो खणापर्यंत यायला बराच वेळ लागला. एक बोट बटणाच्या पाठीवर टेकलं, आणि तिथेच थांबलं. त्यांच्या तोंडातून आवाज आला तो 'नाही'चा नव्हता, कशाचाच नव्हता. काका खाली मातीकडे बघत राहिले.

मग टक, टक, असा आवाज झाला.

काकू डाव्या हाताच्या बोटाने खिडकीच्या तावदानावर वाजवत होत्या. टक, टक. काकांकडे बघायच्या, वाजवायच्या. गिऱ्हाईक उभं असताना काका विचारात पडले, की गल्ल्याच्या काचेवर त्या अशाच वाजवायच्या: अहो, हलवा की हात.

"ही काढू?"

टक.

"अगं, वारा केवढा आहे. तुला सोसणार नाही."

टक, टक, टक.

काका खाली जाऊन पटाशी आणि हातोडी घेऊन आले. आधी लाकडी पट्ट्या उचकटल्या, मग कडेची पुट्टी खरवडली. ती दगडासारखी वाळली होती, जशी वाळायला हवी तशी. धाकटी पाल्याची पिशवी घेऊन वर आली तेव्हा तावदान अर्धं सुटलं होतं.

"अहो भाऊजी! बाईला गारठवून मारायचा विचार आहे का?"

"खालून धर."

"डोकं फिरलंय तुमचं. त्या अर्ध्या मुठीच्या जिवासाठी…"

"धाकटे, खालून धर आधी, मग बोल. हातातून सुटलं तर दोघांचे पाय जातील."

तिने धरलं. दोघांनी मिळून ते भिंतीला टेकवून उभं केलं. वारा सरळ खोलीत शिरला, दिनदर्शिकेची पानं फडफडली. धाकटी बडबडत कपाटातून दोन घोंगड्या, कानटोपी, पायमोजे काढत राहिली आणि बहिणीला असं गुंडाळलं की नाक तेवढं उरलं. बाहेरची जुनी लाकडी झडप जागेवरच होती. अंधार पडला की ती लावता आली असती.

ऊन त्या दिवशी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी कोमट पाणी, थेंब, पानं, टरफलांची पूड. बटणाने पाण्यात मान खाली टाकली तेव्हा काकांनी चटकन बोट लावून ती वर धरली आणि दहा मिनिटं तशीच धरून ठेवली. वजन आणखी दोन ग्रॅमने उतरलं होतं. काकू शिंकल्या, तर धाकटीने काकांकडे असं पाहिलं की ते जिना उतरून खालीच गेले.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आभाळ एका कडेने फाटलं. ऊन खिडकीच्या कठड्यावर आलं, खणाच्या मातीवर आलं, काकूंच्या हातावर आलं. मधे काही नव्हतं. काकांनी ते आयुष्यभर काचेपलीकडून बघितलं होतं. आता तळहात पुढे करून धरला, जसा सतरंजीवर कण शोधायला धरत.

काकूंच्या उजव्या हातात रुंद तणाचं पान होतं. पान सुटत नव्हतं. दहा मिनिटं गेली. कुंडीच्या तुकड्याजवळ बटणाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मान थोडी बाहेर आली, पुढचे पाय मातीत रुतले आणि ते उन्हाच्या बाजूला दोन पावलं सरकलं. पान नाकाशी होतं. त्याने तोंड उघडलं नाही. मान तशीच लांब करून ते पडून राहिलं.

"खा रे," धाकटी पुटपुटली. "खा की मेल्या." लगेच तिने जीभ चावली.

ऊन वीस-पंचवीस मिनिटं होतं. मग ढग आले. पान कोमेजलं होतं, काकूंनी ते खाली ठेवलं नव्हतं.

खालून छापखान्याच्या मुकादमाचा आवाज आला. "बिलोरीकाका! अहो, पाच तावदानांनी भिंत झाकते का? कागद उडतोय सगळा!"

काका खिडकीशी गेले. "एक आखूड निघालं. ताव संपलाय."

"मग कधी?"

'उद्या नक्की देतो' हे शब्द ओठांवर आले होते. त्यांनी मागे पाहिलं. काकू घोंगडीतून बघत होत्या. भिंतीला टेकवलेलं तावदान तसंच उभं होतं, मोठं, स्वच्छ, छापखान्याच्याच जाडीचं. उजवीकडे खणात बटण मान काढून पडलं होतं. दहातले तीन दिवस गेले होते.

"तासाभरात या," काका म्हणाले.

धाकटीने पिशवीतून ताजं पान काढून बहिणीच्या बोटांत सरकवलं. अंगठा आणि पहिलं बोट त्याच्यावर मिटली. काकांनी तावदान अंगाशी धरलं, तिरकं करून जिन्यातून एकेक पायरी खाली नेलं आणि भिंतीला उभं केलं. मग सतरंजी झटकली, तळवा फिरवला, ताव आडवा टाकला. पट्टी लावली, आकडा दोनदा वाचला, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली आणि रेघ ओढली.